इंटरसेप्टर ड्रोनच्या छोट्या कंपनीला आयडेक्स कितपत पुरते : एक परीक्षण

छोट्या कंपन्यांचे प्रकल्प अहवाल, खर्चाचे अंदाज आणि अनुदानाचे हिशेब तयार करून देणे हा माझा व्यवसाय आहे. त्यामुळे सरकारी योजनेकडेही मी विकत घेतलेल्या सेवेसारखेच पाहतो: काय मिळते, त्यासाठी काय मोजावे लागते, किती काळ थांबावे लागते आणि थांबण्याच्या काळात कंपनी कशावर जगते. सेनादलांसाठी नवी साधने बनवणाऱ्या स्टार्टअपना अनुदान देणाऱ्या, संरक्षण मंत्रालयाच्या आयडेक्स योजनेचे हे परीक्षण त्याच पद्धतीचे आहे. ते सरसकट सगळ्या संरक्षण स्टार्टअपसाठी नाही. शत्रूचे ड्रोन हवेतच गाठून पाडणारे, म्हणजे इंटरसेप्टर ड्रोन बनवणाऱ्या आणि त्यांचा वेग वाढवण्यासाठी भांडवल शोधणाऱ्या पाच-दहा माणसांच्या कंपनीसाठी ते आहे. माझे मत आधीच सांगतो. अशा कंपनीला लष्करापर्यंत पोहोचवणारा रस्ता म्हणून आयडेक्सला आज देशात तोड नाही. पण भांडवलाचा मुख्य स्रोत म्हणून तिच्यावर विसंबणारी कंपनी दुसऱ्या वर्षी पगाराला महाग होण्याची शक्यता मोठी आहे.

प्रथम वेग इतका महाग का पडतो ते पाहू, कारण गुंतवणूकदारांच्या बैठकीत हाच प्रश्न सर्वांत आधी येतो. युक्रेनवर रशिया लक्ष्यावर आदळून फुटणारे जे शाहेद जातीचे ड्रोन सोडतो त्यांचा वेग साधारण ताशी १८५ किलोमीटर असतो. असा ड्रोन पाच किलोमीटर पुढे निघून गेल्यावर ताशी २५० किलोमीटर वेगाचा इंटरसेप्टर मागे सोडला, तर त्याला गाठायला साडेचार मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो आणि तोवर इंटरसेप्टरने एकोणीस किलोमीटर कापलेले असतात. वेग ३०० केला की हेच काम अडीच मिनिटांच्या आसपास आणि तेरा किलोमीटरांत होते. रक्षण करायचे शहर किंवा वीजकेंद्र पंधरा किलोमीटरांवर असेल, तर पहिला इंटरसेप्टर निरुपयोगी आणि दुसरा उपयोगी, इतका हा फरक स्वच्छ आहे. मात्र हवेचा विरोध मोडून काढायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे २५०वरून ३००वर जाताना मोटरांना सुमारे पावणेदोन पट शक्ती द्यावी लागते. त्यासाठी बॅटरी, स्पीड कंट्रोलर (मोटरीला जाणारी वीज कमी-जास्त करणारा भाग), पंखे आणि कवचाचा आकार हे सगळे नव्याने करावे लागते. वेगात वीस टक्के वाढ आणि खर्चात वीस टक्के वाढ असे गणित मांडून येणाऱ्या संस्थापकाला मी पहिल्याच भेटीत तक्ता परत करतो.

युक्रेनमधील वाइल्ड हॉर्नेट्स या गटाचा स्टिंग हा बंदुकीच्या गोळीसारखा निमुळता, चार मोटरींचा इंटरसेप्टर ताशी ३०० किलोमीटरांच्या पुढे जातो आणि त्याची किंमत दोन ते अडीच हजार डॉलर, म्हणजे आपल्याकडचे साधारण दोन लाख रुपये सांगितली जाते. ज्या शाहेदला तो पाडतो त्याच्या किमतीचे अंदाज वीस ते पन्नास हजार डॉलरांचे आहेत, आणि त्याच शाहेदवर अमेरिकेच्या पॅट्रियट या हवाई संरक्षण यंत्रणेचे आधुनिक क्षेपणास्त्र सोडले तर एका नगामागे चाळीस लाख डॉलरांच्या आसपास खर्च येतो. भारतात या विषयाकडे भांडवलदारांचे लक्ष गेले ते मे २०२५नंतर. पाकिस्तानने ८ आणि ९ मेच्या दरम्यानच्या रात्री लेहपासून सर क्रीकपर्यंत ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन पाठवल्याचे आपल्या सरकारने पत्रकार परिषदेत सांगितले. त्या वेळी एल-७०, झेडयू-२३, शिल्का अशा जुन्या तोफांनी चांगली कामगिरी केली, हेही येथे नोंदवले पाहिजे. लष्करातला अनुभवी अधिकारी छोट्या कंपनीला हमखास विचारतो, की तोफेने जे काम होते ते तुमच्याकडून का करून घ्यावे. तोफ जिथे पोहोचत नाही आणि क्षेपणास्त्र परवडत नाही, त्या मधल्या पट्ट्यात आपला ड्रोन कसा बसतो, याचे उत्तर अर्जाच्या पहिल्याच पानावर असले पाहिजे.

आता योजनेकडे वळू. आयडेक्सची सुरुवात एप्रिल २०१८मध्ये चेन्नईच्या डिफेक्स्पो या संरक्षण प्रदर्शनात झाली. हिंदुस्तान एरोनॉटिक्स आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स यांनी मिळून उभारलेली डिफेन्स इनोव्हेशन ऑर्गनायझेशन ही संस्था ती चालवते. सेनादलांनी आपली अडचण लिहून जाहीर करायची आणि स्टार्टअपने तोडगा सुचवायचा, असा ‘डिस्क’ या नावाने चालणाऱ्या फेऱ्यांचा मूळ ढाचा आहे. शिवाय कंपनीला आपल्या कल्पनेने प्रस्ताव मांडता येईल असा खुला मार्गही आहे. निवड झाल्यास प्रोटोटाइपसाठी दीड कोटीपर्यंत, आयडेक्स प्राइममध्ये दहा कोटीपर्यंत, आणि मार्च २०२४मध्ये सुरू झालेल्या ‘अदिती’ या उपयोजनेत पंचवीस कोटीपर्यंत अनुदान मिळू शकते. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात अदितीसह आयडेक्ससाठी ४४९.६२ कोटी रुपयांची तरतूद होती. हे कर्ज नव्हे, त्यामुळे परतफेडीचा प्रश्न येत नाही. आकडे ऐकायला भरघोस वाटतात. पण दोन अटी त्यांचा अर्थ पुरता बदलून टाकतात. अनुदानाइतकीच रक्कम कंपनीनेही घालायची असते, आणि सरकारी रक्कम एकदम न मिळता करारात ठरलेले टप्पे पार होतील तशी हप्त्यांनी सुटते.

दीड कोटींच्या अनुदानासाठी दीड कोटी पदरचे घालणे ज्या कंपनीला शक्य आहे ती कंपनी छोटी असली तरी गरीब नाही. संस्थापकांची बचत, घरच्यांचे पैसे आणि एखाद्या एंजल गुंतवणूकदाराचा (म्हणजे नव्या कंपनीत स्वतःचे पैसे घालणाऱ्या व्यक्तीचा) धनादेश एवढ्यावर हे भागवावे लागते. २०२४च्या अर्थसंकल्पाने एंजल टॅक्स, म्हणजे समभागांच्या रास्त किमतीहून जास्त मिळालेल्या रकमेवरचा कर, रद्द केल्याने त्या धनादेशामागची एक जुनी डोकेदुखी गेली, हे मान्य. तरीही गुंतवणूकदार ‘आधी आयडेक्सचे पत्र आणा’ म्हणतो आणि आयडेक्सकडे जाताना ‘तुमचा वाटा कुठून येणार’ हे दाखवावे लागते, हा पेच कायम राहतो. माझ्या अनुभवात यातून सुटण्याचा व्यवहार्य मार्ग एकच दिसतो: गुंतवणूकदाराकडून सशर्त करार लिहून घ्यावा, म्हणजे निवड झाल्याच्या पत्रानंतर ठरावीक दिवसांत पैसे येतील आणि निवड न झाल्यास तो मोकळा होईल. असा मसुदा करायला वकील लागतो, आणि संस्थापक नेमका याच खर्चात हात आखडता घेतात.

यापेक्षा गंभीर अडचण मला टप्प्यांच्या तक्त्यात दिसते, आणि तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. पुण्याजवळच्या एका औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यात मी अशा ड्रोनच्या मोटरची चाचणी पाहिली आहे. मोटर लोखंडी बाकावर घट्ट आवळलेली, समोर पॉलिकार्बोनेटची जाड काच, आणि पूर्ण थ्रॉटल दिल्यावर पंख्याचा आवाज इतका तीक्ष्ण की शेजारच्या प्रेस-शॉपमधला कामगार दारात येऊन उभा राहिला. यंत्र थांबल्यावर इंजिनिअरने थर्मल कॅमेऱ्यात पाहिले, वेटोळ्यांच्या वार्निशचा वास आला तेव्हा मान हलवली आणि ती मोटर ‘खर्ची’ असे लिहिलेल्या खोक्यात टाकली. त्या खोक्यात आधीच्या चाचण्यांतल्या मोटरी आणि काळवंडलेले स्पीड कंट्रोलर होते. त्या कंपनीच्या खर्चाच्या अंदाजात मात्र ‘प्रोटोटाइप : दोन नग’ अशी एकच ओळ होती. जमिनीवर फिरणारे वाहन किंवा रडार बनवणाऱ्याला दोन नग पुरतात, कारण चाचणी झाली तरी वस्तू शिल्लक राहते. इंटरसेप्टरचे तसे नाही. तो लक्ष्यावर आदळला, म्हणजे चाचणी यशस्वी झाली, की इंटरसेप्टरही संपला आणि लक्ष्य म्हणून उडवलेला ड्रोनही संपला. फसला, तर बहुधा शेतात आपटून संपतो. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर येथे प्रोटोटाइप ही मालमत्ता नसून कच्चा माल आहे. विश्वासार्ह निष्कर्षासाठी डझनावारी उड्डाणे लागतात, वेग वाढवला की ती सारी पुन्हा करावी लागतात, आणि प्रत्येक उड्डाणाला त्या वेगाचे लक्ष्य लागते, जे बाजारात सहज मिळत नाही. आयडेक्सच्या कराराआधी जी वाटाघाट होते तिच्यात नगांची ही संख्या मोकळेपणाने मांडली नाही, तर दुसऱ्या हप्त्याच्या अलीकडे घोडे अडणार हे मी कागद पाहूनच सांगू शकतो. हा दोष योजनेचा कमी आणि अर्जदारांचा जास्त आहे. तथापि संपणाऱ्या वस्तूंसाठी वेगळ्या नमुन्याचा तक्ता योजनेनेच दिला तर बऱ्याच कंपन्या वाचतील.

योजनेचा खरा दोष म्हणजे तिची चाल. अडचण जाहीर होणे, अर्ज, छाननी, उच्चाधिकार समितीपुढे सादरीकरण, वाटाघाट, करार, मग टप्प्यांचे काम, मग सेनादलाच्या चाचण्या आणि शेवटी खरेदीची प्रक्रिया, ही साखळी महिन्यांत नव्हे तर वर्षांत मोजावी लागते. दरम्यान लक्ष्य बदलते. रशियाने शाहेदच्याच घराण्यातला गेरान-३ हा जेट इंजिनाचा ड्रोन आणला, जो ताशी ३०० किलोमीटरांच्या वर जातो. ज्या कंपनीने करारात ‘ताशी ३००’ हे साध्य लिहून दिले असेल तिचे यंत्र या ड्रोनचा पाठलाग करूच शकत नाही. समोरून छेद घेण्याची वेगळी पद्धत, वेगळे सॉफ्टवेअर आणि लांबवरून इशारा देणारे रडार तिला लागेल. करारातले साध्य पूर्ण केले तर पैसे मिळतात पण वस्तू कालबाह्य होते, आणि साध्य बदलायला गेले तर हप्ता लांबतो. युक्रेनने एप्रिल २०२३मध्ये सुरू केलेल्या ब्रेव्ह-१ या संरक्षण तंत्रज्ञानाच्या व्यासपीठाला हा पेच कमी पडतो, कारण तेथे आघाडीवरची तुकडी स्वतःच वापरकर्ता आणि परीक्षक असते व तिचा निरोप उत्पादकाकडे काही दिवसांत येतो. युद्धात असलेल्या देशाची गती शांततेतल्या योजनेकडून मागणे न्याय्य नाही. परंतु करारात दर सहा महिन्यांनी साध्याचा फेरविचार करण्याची तरतूद मागणे अगदी न्याय्य आहे.

चाचणीच्या जागेचा प्रश्नही पैशाचाच प्रश्न आहे. ताशी ३०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ८३ मीटर, म्हणजेच एक किलोमीटर बारा सेकंदांत. ड्रोन नियम २०२१ने संशोधन करणाऱ्या संस्थांना प्रमाणपत्र, नोंदणी आणि परवान्याच्या कटकटीतून सूट दिली आहे. मात्र ती हरित क्षेत्रात (ड्रोनला आधी परवानगी लागत नाही अशा भागात) आणि स्वतःच्या ताब्यातल्या आवारात किंवा मोकळ्या जागेत उडवण्यापुरती आहे. पुण्यात विमानतळ हाच हवाई दलाचा तळ असल्यामुळे अशी मोकळी जागा शोधत शहरापासून बरेच दूर जावे लागते, आणि कोणत्याही छोट्या कंपनीच्या ताब्यात कित्येक किलोमीटरांचे माळरान नसते. येथे आयडेक्स खरोखर मोलाची ठरू शकते, कारण करारानंतर कंपनीला सेनादलाचा संपर्क अधिकारी मिळतो आणि लष्करी रेंजवर चाचणीचा मार्ग खुला होऊ शकतो. अनुदानाच्या रकमेपेक्षा मला ही गोष्ट जास्त मोलाची वाटते. खासगी पैशाने मोटर विकत घेता येते. फायरिंग रेंज घेता येत नाही.

सुट्या भागांचा प्रश्नही खर्चाच्याच हिशेबात धरावा लागतो. वेगवान ड्रोनच्या मोटरी, स्पीड कंट्रोलर आणि बॅटरीचे सेल यांचा जगभरचा स्वस्त पुरवठा चीनमधून होतो, आणि फेब्रुवारी २०२५मध्ये चिनी भागांच्या कारणावरून लष्कराच्या ४०० ड्रोनचे, सुमारे २३० कोटींचे कंत्राट रद्द झाल्याच्या बातम्या आल्या. तेव्हापासून संरक्षण क्षेत्रात कंपनीचा मालखरेदीचा तक्ता भिंग लावून वाचला जातो. देशी मोटर महाग पडते आणि मिळायला उशीर लागतो, म्हणून युक्रेनची दोन लाखांची किंमत आपल्या प्रस्तावात तशीच उतरवणे ही फसवणूक ठरेल. गुंतवणूकदाराची आणि स्वतःचीही.

आता ज्या आकड्यांवरून मी माझे मत बनवले ते सांगतो. मंत्रालयाने २०२५मध्ये दिलेल्या माहितीनुसार फेब्रुवारीपर्यंत ५४९ अडचणी जाहीर झाल्या होत्या, ६१९ स्टार्टअप व लघुउद्योग त्यांत गुंतले होते आणि ४३० करार झाले होते. खरेदीला मंजुरी मिळालेल्या वस्तू ४३, त्यांची किंमत २,४०० कोटींहून अधिक. अलीकडचे बरेच करार अद्याप अर्ध्या वाटेवर असणार, त्यामुळे सरळ भागाकार करून दहातली एक यशस्वी असे म्हणणे चुकीचे ठरेल. पण प्रोटोटाइप आणि खरेदी यांच्यामधली दरी किती रुंद आहे याची कल्पना त्यावरून येते, आणि त्या दरीत कंपनीचे पगार, भाडे आणि व्याज थांबत नाही. दुसऱ्या बाजूला चेन्नईच्या बिग बँग बूम सोल्यूशन्स या कंपनीला ड्रोनविरोधी यंत्रणेसाठी हवाई दल आणि लष्कराकडून दोनशे कोटींहून अधिक रकमेची मागणी आयडेक्सच्याच वाटेने मिळाली. एका नव्या कंपनीला इतकी मोठी मागणी दुसऱ्या कोणत्या वाटेने मिळाली असती, याचे उत्तर मला सुचत नाही. मोठे घराणे असेल तर गोष्ट वेगळी; नागपूरच्या सोलर समूहाने भार्गवास्त्र ही छोट्या रॉकेटांची ड्रोनविरोधी यंत्रणा विकसित करून १३ मे २०२५ रोजी गोपाळपूरच्या रेंजवर तिची चाचणी घेतली. त्या समूहामागे स्फोटकांचा भरभक्कम धंदा उभा आहे. गाळ्यातल्या कंपनीने त्यांच्याशी बरोबरी करण्याचे स्वप्न जरूर पाहावे, रोखीचे वेळापत्रक मात्र त्यांच्यासारखे आखू नये.

मग दरी भरायची कशाने? काही तरुण संस्थापक युक्रेनकडे बोट दाखवून विचारतात, की तेथे लोकांच्या देणग्यांवर इंटरसेप्टर बनतात तर आपल्याकडे का नाही. देणगी मागणे ही एक गोष्ट झाली. कंपनीचे समभाग इंटरनेटवरून सर्वसामान्यांना विकणे आपल्याकडे चालत नाही. कंपनी कायद्याच्या कलम ४२खाली खासगी विक्रीला वर्षाला दोनशे व्यक्तींची मर्यादा आहे, आणि ती ओलांडली की सार्वजनिक विक्रीचे सारे नियम अंगावर येतात. तेव्हा हा विचार सोडून द्यावा. त्याऐवजी पैशाचा क्रम नीट लावावा, कारण येथे क्रम चुकला तर पात्रताच जाते. २०२१मध्ये सुरू झालेल्या स्टार्टअप इंडिया सीड फंडातून इनक्युबेटरमार्फत (नव्या कंपन्यांना जागा व मार्गदर्शन देणाऱ्या संस्थेमार्फत) प्रोटोटाइपसाठी वीस लाखांपर्यंत अनुदान आणि पुढे पन्नास लाखांपर्यंत कर्ज किंवा परिवर्तनीय रोखे मिळू शकतात. पण कंपनी अर्जाच्या वेळी दोन वर्षांहून जुनी नसावी आणि इतर सरकारी योजनेतून तिने दहा लाखांहून अधिक साहाय्य घेतलेले नसावे, अशी अट आहे. म्हणजे आयडेक्सचा मोठा हप्ता आधी घेतला तर हे दार बंद होते. निधी शिल्लक असलेला इनक्युबेटर शोधून सीड फंड आधी, आयडेक्स नंतर, असे मी सुचवतो. संरक्षण संशोधन व विकास संस्थेचा तंत्रज्ञान विकास निधी प्रकल्पखर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत, कमाल पन्नास कोटींपर्यंत देतो आणि त्यात पदरचा वाटा फारच थोडा लागतो. मात्र विषय त्या संस्थेने ठरवलेला असतो, आणि वेगवान इंटरसेप्टरचा विषय त्यांच्या यादीत येईपर्यंत वाट पाहणे छोट्या कंपनीला झेपत नाही. जुलै २०२५मध्ये मंजूर झालेला एक लाख कोटींचा संशोधन, विकास आणि नवोन्मेष निधी हा कमी व्याजाच्या दीर्घ मुदतीच्या भांडवलाचा स्रोत आहे, पण तो प्रयोगशाळेतले काम सिद्ध झाल्यानंतरच्या पायरीवर कामाला येतो. परदेशी भांडवलाला संरक्षण उत्पादनात ७४ टक्क्यांपर्यंत थेट मुभा असली तरी जमिनीची सीमा लागून असलेल्या देशांतून आलेल्या पैशाला २०२०पासून सरकारची आधी मंजुरी लागते. फंडात कोणाचा पैसा आहे हे विचारायला संकोच करू नये.

गुणांत बोलायचे तर गिऱ्हाईक मिळवून देण्यासाठी मी आयडेक्सला पाचपैकी साडेचार देईन, विश्वासार्हता वाढवण्यासाठी चार, आणि रोखीच्या सोयीसाठी दोन. ज्या कंपनीकडे अनुदानाइतकी रक्कम आणि त्यावर किमान वर्षभराचे पगार बाजूला आहेत तिने पुढच्या फेरीत अर्ज करावा. ज्या कंपनीकडे केवळ कल्पना आणि एक उडालेला नमुना आहे तिने आधी सीड फंड व एंजलकडून एवढी रक्कम उभी करावी की वीस-तीस उड्डाणांची आकडेवारी हातात येईल. करारावर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: चाचणीत संपणाऱ्या नगांची व लक्ष्य-ड्रोनची संख्या खर्चात धरलेली असणे, लष्करी रेंजच्या तारखांची जबाबदारी कोणाची हे ठरलेले असणे, आणि वेगाचे साध्य ठरावीक काळाने बदलण्याची सोय. बौद्धिक संपदेचे कलम मात्र माझ्यासारख्या हिशेबनीसाकडून वाचून न घेता वकिलाकडूनच वाचून घ्यावे.